पाच कप्प्यांचं खोकं

५ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिलंय, समजून घ्या. मधे दोनदा दुकानात गिऱ्हाईक आलं.

भिंगरीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. तिसरीतल्या मुलीसाठी मुख्याध्यापिका स्वतः बोलावतात म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गशिक्षिकेने एक कागद पुढे ठेवला. एका तासात अकरा वेळा जागेवरून उठली. गणितं पाच दिली तर दोन सोडवते आणि तिसऱ्याच्या जागी चित्र काढते. गेल्या आठवड्यात जिन्यातली आग विझवायची नळी भिंतीवरून काढून पार खालच्या मजल्यापर्यंत उलगडली. का, तर ती किती लांब आहे ते बघायचं होतं. नळीत पाणी नव्हतं हे आमचं नशीब. मुख्याध्यापिका गोड बोलून म्हणाल्या की डिसेंबरअखेर काहीतरी ठोस करा, नाहीतर तिला झेपेल अशी दुसरी शाळा बघा. आत्या, ही तिची आधीच दुसरी शाळा आहे. पोर आठ वर्षांची आहे.

मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. बाई आहेत, शांत आहेत. त्यांनी तासभर तिच्याशी खेळत बोलून सांगितलं की लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा असा हा प्रकार असावा, आणि गोळीचा विचार करता येईल. हे लगेच तयार झाले. लिफ्टचा ब्रेक घसरत असेल तर आपण तो आवळतो, प्रवाशांना समजावत बसत नाही, असं यांचं म्हणणं. दिवसभर लिफ्टा दुरुस्त करून तुमच्या जावयाला सगळं जग लिफ्टसारखंच दिसतं. माझं मन मात्र धजत नाही. एवढ्याशा जिवाला मेंदूवरची गोळी रोज द्यायची?

तुम्ही चौतीस वर्षं मुलं शिकवलीत, मलाही शिकवलंत. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.

गुडघा कसा आहे ते खरं कळवा. आशीर्वाद असू द्या.

तुमची
चिमी


११ सप्टेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

गुडघा माझ्याच वयाचा आहे, तेवढाच कुरकुरतो.

मी म्हणेन ती पूर्व दिशा, असं म्हणतेस तर ऐक. मी नोकरीला लागले तेव्हा अशा मुलांना द्वाड म्हणत आणि औषध म्हणजे पट्टी. पुढे शाळेत तपासणीला डॉक्टर यायला लागले. त्यांनी सांगितलं की ही मेंदूला झालेली बारीकशी इजा. ती कुणी पाहिलेली नव्हती, पण मूल हलतंय त्या अर्थी असणारच! मग इजा गेली आणि नुसतं अतिचंचल राहिलं. मग कुणीतरी म्हणालं साखरेने होतं, खाण्यातल्या रंगांनी होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला आईने वर्षभर गोडाचा कण दिला नाही. पोरगी गोडावाचूनही तशीच बाकांवरून उड्या मारत होती, फक्त रोडावली. मग आया नोकरी करतात म्हणून होतं, मग टीव्हीने होतं. आता म्हणे चार अक्षरांचं इंग्रजी नाव आहे. नाव दर दहा वर्षांनी बदलतं, पोर तेच.

मला विचारशील तर आठ वर्षांच्या मुलाला सहा तास बाकावर बसवायचं आणि ते हललं की औषध द्यायचं, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वर्गात पन्नास मुलं, बाई एकटी. बाईला शांतता हवी असते, हे मी स्वतः बाई असून सांगते. शिवाय भिंगरी वर्गात वयाने सगळ्यांत लहान ना? तिच्या शेजारची मुलगी तिच्याहून दहा-अकरा महिन्यांनी मोठी असेल. त्या वयात तेवढं अंतर म्हणजे केवढं! ते कुणी धरलं का, हे त्या डॉक्टरीणबाईंना विचार.

तूही लहानपणी काही कमी नव्हतीस. दप्तर घरी विसरायचीस आणि घर शाळेत. म्हणून काय तुझं वाईट झालं? तसबिरींच्या चौकटी बनवण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. गोळी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जावईबापूंना सांग, पोरीला ब्रेक असतातच, फक्त ते उशिरा बसतात.

भिंगरीला पापा. तिला विचार, नळी शेवटी भरली किती?

तुझी
आत्या


२३ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नळी तिच्या पावलांनी बेचाळीस भरली.

तुमचं पत्र मी पर्समध्ये घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि मुद्दे एकेक करून विचारले. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या की तुमच्या आत्यांना माझ्याकडे नोकरीला पाठवा. नावं बदलत गेली हे खरं, पण ताप कशाने येतो याबद्दल माणसं हजार वर्षं चुकत होती म्हणून ताप खोटा ठरत नाही. दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा एका डॉक्टरने लिहून ठेवलंय की काही मुलांचं लक्ष एका जागी ठरतच नाही, आणि शाळेत त्यांचे हाल होतात. गोळीची गोष्ट तर गमतीची आहे. नव्वदेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरने मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून एक औषध दिलं. डोकेदुखी होती तशीच राहिली, पण मुलं आपण होऊन गणितं सोडवायला बसली.

वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, हेही त्यांनी लगेच कबूल केलं. तसं मोजून पाहिलंय म्हणाल्या. काही ठिकाणी खिरापतीसारखी गोळी वाटतात आणि काही ठिकाणी जिला खरी गरज आहे तिलाही मिळत नाही. म्हणून त्यांनी एक तोड काढलीय. चार आठवडे परीक्षा घ्यायची. इस्पितळातून चार पाकिटं मिळणार, प्रत्येकावर आठवड्याचा आकडा, आत शाळेच्या पाच दिवसांच्या पाच गोळ्या. दोन पाकिटांत खरं औषध, दोनांत नुसतीच पिठाची गोळी, दिसायला हुबेहूब. कुठल्या आठवड्यात काय, ते ना मला माहीत, ना वर्गशिक्षिकेला. आम्ही दोघींनी रोज एक तक्ता भरायचा. यादी डॉक्टरीणबाईंकडे बंद. शेवटी उघडायची आणि तक्त्यांशी ताडून बघायची. फरक दिसला नाही तर गोळीचं नाव काढायचं नाही, असं त्याच म्हणाल्या.

भिंगरीला सगळं सांगितलं. तिला हे कोडं फार आवडलं. आपणही तक्ता भरणार म्हणाली. सोमवारपासून सुरू.

तुमची
चिमी


२८ सप्टेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

ही परीक्षा मला पटली. मी हरले तर तक्त्यासमोर हरेन, कुणाच्या तोंडाच्या वाफेसमोर नाही. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. नोकरीचं बघू म्हणावं, जिने किती आहेत त्यावर.

एकच सांगते. हे चार आठवडे नीट पार पाड. तुझी वेंधळाई या महिन्यापुरती कपाटात बंद करून ठेव. पाकिटं हाताशी, एका जागी ठेव.

तुझी
आत्या


१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाण केली मी. आधी तेच लिहून टाकते.

तुम्ही एका जागी ठेव म्हणालात म्हणून मी पाकिटांसाठी खोकं बनवलं. चौकटीत लावायचा जाड पुठ्ठा, निळा, कडा पंचेचाळीस अंशांत कापलेल्या. आत पाच कप्पे, सोमवार ते शुक्रवार, प्रत्येकावर सोनेरी अक्षरं. दुकानाचे मालक म्हणाले, विकायला ठेव. मी त्यात गोळ्या लावल्या. सोमवारच्या चारही गोळ्या सोमवारच्या कप्प्यात, मंगळवारच्या मंगळवारच्या. आणि रिकामी पाकिटं फेकून दिली.

आत्या, आकडा पाकिटावर होता. गोळ्या सगळ्या सारख्या. म्हणजे रोज सकाळी मी चारातली कुठलीतरी एक उचलून देत होते. तीन आठवडे. वर्गशिक्षिकेने पंधरा दिवस इमानाने तक्ते भरले. काल डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं की दुसरं पाकीट संपलं तेव्हा एखादी गोळी उरली होती का, आणि मी उत्साहाने खोकं काढून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, सुंदर आहे म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

यांनी खोकं उचलून आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पोरीची शाळा टांगणीला आणि मला चार आठवडे एक काम धड करता आलं नाही. शाळा दुसरी परीक्षा होऊ देईल की नाही, माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र भलतंच विचारलं. तुम्ही स्वतः लहानपणी कशा होतात? मी म्हटलं, खाण तशी माती, मी पण अशीच, पण उड्या मारणारी नव्हते, हरवणारी होते. कॉलेज दोन वर्षांत सुटलं कारण परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. तीन नोकऱ्या गेल्या. मी मुळातच वेंधळी, सगळे म्हणतात, माझी आत्यासुद्धा. त्या म्हणाल्या की मुलींमध्ये हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण नुसती खिडकीबाहेर बघणारी मुलगी वर्गाला त्रास देत नाही. तुम्हाला लहानपणी रोज पाहिलेलं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. आई-बाबा तर गेले. सोबत एक फॉर्म पाठवतेय. तुम्ही घरीही होतात आणि तिसरीत माझ्या वर्गशिक्षिकाही होतात. भरून द्याल का? माझी भीड धरू नका.

तुमची
चिमी


२६ ऑक्टोबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

फॉर्म भरलाय. अठरा प्रश्न होते. सोळांना मी 'नेहमी' अशी खूण केली. एवढं करायला मला सात दिवस लागले, कारण त्याबरोबर हे पत्र लिहायचं होतं.

तू तिसरीत असताना तपासणीचे डॉक्टर आले होते, ते मी तुला मागे गमतीत सांगितलं. ती गंमत नव्हती. काळजी वाटणाऱ्या मुलांची नावं द्या म्हणाले तेव्हा यादीत पहिलं नाव मी तुझं लिहिलं. मला काळजीच वाटत होती. तू हुशार होतीस आणि तुझ्या हातून काही पुरं होत नव्हतं. त्यांनी तुला तपासलं आणि पालकांना द्यायला माझ्याकडे चिठ्ठी दिली. मेंदूला किंचित इजा असण्याचा संभव, मोठ्या इस्पितळात दाखवावे.

मी ती चिठ्ठी तुझ्या बाबांना दिली नाही. तू पोटात असताना तुझी आई जिन्यावरून घसरली होती. इजा हा शब्द माझ्या भावाने वाचला असता तर तिला जन्मभर तो जिना ऐकवला असता. तुला ठाऊक आहे तो कसा होता. शिवाय मंदबुद्धी मुलांच्या शाळेत तुला घालतील ही धास्ती होतीच. मी चिठ्ठी फाडली आणि ठरवलं की हिला मीच सरळ करते. पुढच्या बाकावर बसवलं, रोज दप्तर तपासलं, आणि वर्गासमोर वेंधळाबाई म्हटलं. ते नाव मीच पाडलं, चिमे. घरीदारी तेच चिकटलं.

तेव्हा उपाय फार नव्हते हे खरं, पण मी बघितलंही नाही. डॉक्टरांचा शब्द चुकीचा होता. इजा नव्हतीच. पण त्यांनी ज्या मुलीकडे बोट दाखवलं ती बरोबर होती. शब्द टाकून देताना मी मुलगीही टाकली. गोळी नको म्हणून मी जे पत्र तुला लिहिलं त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं एवढ्यासाठी होतं की हा विषय कुणी उघडू नये.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागेल.

आत्या


३१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

फॉर्म मिळाला.

आईला बोल लागू नये म्हणून तुम्ही तो मला लावलात. तीस वर्षं मी स्वतःला काय काय म्हटलंय ते तुम्हाला माहीत नाही. बस चुकली की, दूध उतू गेलं की, भिंगरीला शाळेतून आणायला उशीर झाला की. मला वाटायचं मला माणसांची पर्वाच नाही, असती तर लक्षात राहिलं असतं. तुम्हाला कारण माहीत होतं, किंवा कारण असू शकतं एवढं तरी. माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही हसत सांगितलंत की नवरदेवा, हिच्या गळ्यात किल्ली बांध. मीही हसले होते.

परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलंय. दहा नोव्हेंबरपासून. शाळा आणखी एकदाच तयार झाली, यापुढे सवलत नाही म्हणाली. पाकिटं यांच्या हत्यारांच्या पेटीत, किल्ली यांच्याकडे. मी हात लावणार नाही.

शेवटी आशीर्वाद मागायचा असतो. आज मागत नाही.

चिमी


८ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ. मागितले नाहीस तरी ते पाठवायचे माझ्या हातात आहे.

परवा मी आपल्या जुन्या शाळेत गेले. तिथले कारकून माझेच विद्यार्थी, त्यामुळे चहा मिळाला आणि माळ्याला शिडीही लागली. तपासणीचं रजिस्टर सापडलं. तुझं नाव, तारीख, डॉक्टरांची सही, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'चिठ्ठी पालकांस दिली'. म्हणजे खोटंही मीच लिहिलं होतं. ते विसरले होते. त्या पानाची नक्कल शिक्का मारून सोबत पाठवते. तुझ्या डॉक्टरीणबाईंना पुरावा लागेल. मला वाचवण्यासाठी ती लपवू नकोस, एक चिठ्ठी लपवून झाली तेवढी पुरे.

उत्तराची घाई नाही.

आत्या


९ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल यादी उघडली. या खेपेला घोळ नाही, यांनी पाकिटं लिफ्टच्या तपासणीसारखी रोज सही करून काढली.

औषध पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात होतं. वर्गशिक्षिकेच्या तक्त्यात ते आंधळ्यालाही दिसेल. पाचातली चार गणितं पुरी, उठणं दोन-तीन वेळा. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही तक्त्यासमोर हरलात. पण अगदी पुरत्या नाही. औषधाच्या दिवसांत डबा अर्धा परत यायचा, आणि संध्याकाळी घरात तिचं गुणगुणणं नव्हतं. माझ्या तक्त्यात मी ते लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून गोळीचं प्रमाण निम्मं केलं. फक्त शाळेच्या दिवशी द्यायची, दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं. मुख्याध्यापिकांना मी तुमचं बाकाचं वाक्य ऐकवलं, तुमचं आहे असं सांगून. मागच्या भिंतीशी एक उंच टेबल ठेवलंय, तिथे भिंगरी उभं राहून लिहू शकते. शाळा बदलायची नाही.

आता तिचा तक्ता. तो आम्ही शेवटी वाचला, कारण कुणाला वाटलं नव्हतं की ती खरंच भरत असेल. तिने गणितं मोजली नव्हती, उठणंही नाही. दिवसभरात बाई आपल्या नावाने किती वेळा ओरडल्या तेवढंच मोजलं होतं. सात, नऊ, अकरा असे आकडे. औषधाच्या आठवड्यात दोन, एक, तीन. आणि तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आकडाच नाही, दोन ओळी आहेत. आज कुणीच माझ्या नावाने ओरडलं नाही. मला वाटलं बाईंना बरं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले, आणि मग तिथेच रडले. भिंगरीने मला रुमाल शोधून दिला, माझ्याच पर्समधला. आत्या, घरी आल्यावर मी आठवून बघत होते. माझ्या तिसरीतला असा एकही बुधवार मला आठवेना.

राग गेलेला नाही. कमीजास्त होतो. पण रजिस्टरचं पान मी चार वेळा वाचलं, आणि दुखरा गुडघा घेऊन त्या शिडीवर तुमच्याशिवाय दुसरं कुणी चढलं नसतं, हेही मला दिसतं.

माझी तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. लहानपणी पाहिलेलं माणूस बरोबर असलं तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फॉर्म आहे, पान आहे, पण मला तुम्ही हव्या आहात. जे होतं तसं सांगा, माझंही आणि तुमचंही. हे तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येतील, भिंगरीच्या खोलीत तुमची गादी घातलीय. मंगळवार, सकाळी अकरा. मी विसरेन, तुम्ही विसरू नका.

वाट बघणारी
चिमी